युरोपातून अमेरिकन कॉलेजात निघालेला गार्ड: त्याची पारख कशी करायची

प्रश्नाचे दोन भाग आहेत. युरोपातल्या क्लबमधून अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये निघालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या गार्डची (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू) पारख स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, कशी करतात, हा पहिला. दुसरा येगोर डेमिनबद्दल आहे. ब्रिगम यंग विद्यापीठाकडून, म्हणजे बीवाययूकडून, 2024-25 च्या हंगामात खेळताना त्याचे थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) जेमतेम 27 टक्के पडले, तरी 2025 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधले संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तिथे, ब्रुकलिन नेट्सनी त्याला आठव्या क्रमांकावर कसं उचललं? दोन्हींचं उत्तर एकाच धाग्यातलं आहे, म्हणून एकत्र देतो.

मी बरीच वर्षं व्हिडिओवरून आणि जमेल तेव्हा मैदानाशेजारी बसून तरुण गार्ड बघत आलो आहे. या कामात एक प्रश्न मी कधी सोडत नाही: हा मुलगा देश बदलेल तेव्हा त्याच्या खेळातलं काय मागे राहील आणि काय त्याच्यासोबत जाईल? सोबतचे खेळाडू, प्रशिक्षक, नियम, घड्याळ, मोकळी जागा हे सगळं मागे राहतं. उंची, हातांची लांबी, नजर, वेळेचं भान, चेंडू सोडताना बोटांत असलेला हलकेपणा आणि चूक झाल्यानंतरचं वागणं हे सोबत जातं. गुण, असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली असा पास), टक्केवारी या आकड्यांत मात्र दोन्हींची सरमिसळ झालेली असते. ती वेगळी करणं म्हणजे स्काउटिंग.

मागे काय राहतं ते आधी. युरोपात सामना फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतो: दहा मिनिटांचे चार क्वार्टर, 24 सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट घ्यायचा), आक्रमणात रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू परत, मिळाला तर 14 सेकंद. अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस मिनिटांचे दोन हाफ, शॉट क्लॉक 30 सेकंदांचं आणि रिबाउंडनंतर 20. (मुलींचे कॉलेज सामने चार क्वार्टरचेच असतात.) सहा सेकंद किरकोळ वाटतात, पण युरोपात वाढलेला गार्ड चेंडू मिळताच पहिल्या पिक अँड रोलला (सहकारी बचावपटूच्या वाटेत उभा राहून स्क्रीन, म्हणजे आडोसा, लावतो आणि मग बास्केटकडे धावतो) लागतो, कारण त्याला 24 सेकंदांत दोनदा प्रयत्न करायचा असतो. कॉलेजात बरेच प्रशिक्षक संथ, ठरवून दिलेल्या चाली खेळवतात. गार्ड चेंडू धरून उभा, समोर हात पसरून अंगाला भिडलेला बचावपटू, आणि बाकीचे चौघे आपापल्या जागी पोचेपर्यंत थांबायचं. झटपट निर्णय हेच ज्याचं हत्यार आहे, त्याचं अर्धं हत्यार इथे बोथट होतं.

फिबाचा पेंट, म्हणजे बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा, 4.9 मीटर रुंद आहे, कॉलेजचा 3.66 मीटर. बचावपटूने पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही हा एनबीएचा नियम या दोन्हींकडे नाही. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा सेंटर (सहसा संघातला सर्वात उंच खेळाडू) बास्केटखाली पाय रोवून उभा राहू शकतो, आणि त्याला तिथून हलवायचं काम आक्रमण करणाऱ्या संघाच्या नेमबाजांचं. चांगल्या युरोपीय क्लबच्या वरिष्ठ संघात गार्डला तिशीतला सेंटर मिळतो. स्क्रीन कधी घट्ट लावायची आणि कधी अर्ध्यावर सोडून आत घुसायचं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. कॉलेजात तीच स्क्रीन एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा लावतो. त्याच्या उभं राहण्याचा कोन थोडा चुकला की गार्डची वाट बंद. चालींची नोंद करताना मी स्क्रीनचा दर्जा वेगळा लिहितो, म्हणजे स्क्रीनचा दोष गार्डच्या खात्यात जात नाही.

एक सबब मात्र चालत नाही. कॉलेजची थ्री पॉइंट रेषा आता फिबाएवढीच, 6.75 मीटरवर आहे. पुरुषांसाठी 2019-20 पासून आणि महिलांसाठी 2021-22 पासून. त्यामुळे युरोपातून आलेल्या मुलाचे थ्री पडत नसतील तर अंतराला बोल लावता येणार नाही. टाइमआउटचा फरक छोटा आहे, पण बघण्याजोगा. फिबाच्या सामन्यात टाइमआउट फक्त प्रशिक्षक मागू शकतो. कॉलेजात चेंडू ज्याच्या हातात आहे तो खेळाडूसुद्धा खेळ चालू असताना मागू शकतो. कोपऱ्यात दोघांनी घेरल्यावर हा मार्ग आहे हे नव्या मुलाच्या डोक्यात यायला वेळ लागतो आणि तोवर काही चेंडू उगाच जातात.

आता सोबत काय जातं ते. इथे मी जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

सामना पहिल्यांदा बघताना मी चेंडूच्या मागे धावत नाही, गार्डच्या मानेकडे बघतो. चेंडू हातात येण्याआधी त्याने मैदानाच्या दुसऱ्या बाजूला नजर टाकली का? पिक अँड रोलमध्ये सामान्य गार्ड स्वतःच्या बचावपटूला बघतो. त्याहून बरा गार्ड स्क्रीन लावणाऱ्या सहकाऱ्याच्या बचावपटूला बघतो. खरा पासर तिसऱ्याला बघतो. विरुद्ध कोपऱ्यातल्या नेमबाजाला सोडून, आत धावणाऱ्या सेंटरला अडवायला जो एक पाऊल आत टाकतो तो हा तिसरा. त्याचं पाऊल पडलं की कोपरा मोकळा, नाही पडलं की सेंटर मोकळा. गार्डने हे पाऊल पडल्यावर पास दिला तर तो चांगला. पाऊल पडणार हे ओळखून, ते जमिनीला टेकायच्या आतच चेंडू सोडला तर तो पुढच्या कोणत्याही पातळीवर पास देऊ शकेल. अठराव्या वर्षी हे फार थोड्यांना दिसतं आणि ज्यांना दिसतं त्यांचं ते देश बदलल्याने जात नाही.

डेमिन या थोड्यांतला. जन्म मार्च 2006, मॉस्कोचा. पुढे रिआल माद्रिदच्या युवा संघांत वाढला. उंची सहा फूट आठ-नऊ इंच, म्हणजे फॉरवर्डची (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची), आणि काम गार्डचं. दोन बचावपटू अंगावर आले तरी त्यांच्या हातांवरून त्याला पलीकडचा कोपरा दिसतो आणि ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) न थांबवता एका हाताने तो तिथे चेंडू पोचवतो. बीवाययूसाठी पहिल्याच सामन्यात, सेंट्रल आर्कान्सासविरुद्ध, त्याने 11 असिस्ट दिले. हंगामाची सरासरी सामन्याला 5.5 राहिली. पण असिस्टच्या आकड्यावरही मी विसंबत नाही, कारण असिस्ट लागायला नेमबाजाने बास्केट करावी लागते. मी मोजतो ते मोकळा शॉट मिळवून देणारे पास, मग तो शॉट पडो वा न पडो. शिवाय चेंडू नेमबाजाच्या हातात नेमका कुठे आला तेही बघतो. छातीशी, शॉट घेणाऱ्या हाताकडे आला तर तो लगेच उडतो. गुडघ्यापाशी किंवा मागच्या खांद्याकडे आला की अर्धा सेकंद जातो आणि बचावपटू परत येतो. असे दोन्ही पास आकड्यात सारखेच दिसतात.

टर्नओव्हरचंही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडू गमावण्याचंही, तसंच. 'मुलगा फार चेंडू घालवतो' एवढंच अहवालात लिहिणं मला पटत नाही, कारण चेंडू कसा गेला त्यात सगळं आहे. कास्पारास याकुचोनिसचं उदाहरण घ्या. विल्नियसचा मुलगा, बार्सेलोनाच्या युवा संघातून 2024 मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेला. पहिल्याच हंगामात सामन्याला 15 गुण, 5.7 रिबाउंड, 4.7 असिस्ट आणि त्याचबरोबर 3.7 टर्नओव्हर. नव्या गार्डसाठी हे टर्नओव्हर खूपच. 2025 च्या ड्राफ्टमध्ये तो विसाव्या क्रमांकावर मायामी हीटकडे गेला आणि चेंडू जपता न येण्याची चर्चा तोवर त्याच्यामागे होती.

अशा गार्डचे टर्नओव्हर मी वेगवेगळ्या ढिगांत टाकतो. सहकारी जिथे असायला हवा होता तिथे पास गेला आणि तो तिथे नव्हता: हे मला फारसं खटकत नाही, संघ एकत्र मुरला की कमी होतं. धाडसी पास, ज्याची खिडकी खरंच उघडी होती पण युरोपात पोचला असता तो इथे लांब हातांच्या बचावपटूने तोडला: हे अनुभवाने सुधारतं. ज्याला हे कळतं तो दोन महिन्यांत पास थोडा उंच किंवा थोडा आधी द्यायला लागतो, म्हणून मी नोव्हेंबरचे आणि फेब्रुवारीचे सामने मुद्दाम शेजारी लावून बघतो. पण साध्या ड्रिबलमध्ये एकाच बचावपटूने चेंडू हिसकावला, कमकुवत हाताकडे ढकलल्यावर पाठ करून वळावं लागलं, हवेत उडी मारल्यानंतर पास कुणाला द्यायचा याचा शोध सुरू झाला, हे प्रकार वारंवार दिसले की मी गंभीर होतो. ते हाताळणीचे आणि ताकदीचे दोष आहेत आणि पुढच्या पातळीवरचे बचावपटू नेमके तेच हेरतात.

घेराव हीच सर्वात चांगली परीक्षा. केल्विन सॅम्पसन यांचा ह्यूस्टन संघ पिक अँड रोलवर चेंडू धरणाऱ्यावर दोघांना तुटून पडायला लावण्यासाठी ओळखला जातो. हाच संघ 2025 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि फ्लोरिडाकडून 65-63 असा हरला. बीवाययू आणि ह्यूस्टन एकाच बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेज संघांच्या एकाच गटात, आहेत. डेमिनसारख्या मुलाचे फक्त दोन सामने बघायला वेळ असेल, तर एक ह्यूस्टनविरुद्धचा बघा. पहिला पास सुटतो का, सुटण्यासाठी त्याला किती पावलं मागे जावं लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आधीच तयार असतो का. गुणफलक बघायची गरज नाही.

थ्रीच्या टक्केवारीबद्दल सावकाश सांगतो, कारण डेमिनबद्दलचा सगळा गोंधळ तिथेच आहे. कॉलेजच्या एका हंगामात गार्ड साधारण शे-दीडशे थ्री मारतो. दीडशेपैकी सात शॉट रिंगवरून आत पडायचे ते बाहेर पडले, तर टक्केवारी जवळजवळ पाचने घसरते. म्हणजे 27 टक्के दिसणारा मुलगा मुळात 32 चा असू शकतो आणि 37 दिसणाराही 32 चाच. एवढ्या थोड्या शॉटवरून छातीठोकपणे बोलता येत नाही. म्हणून मी आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघतो. तिथे बचावपटू नाही, पास वाईट आला ही सबब नाही, फक्त मुलगा आणि त्याची लकब. याकुचोनिसचे थ्री 32 टक्क्यांच्या आसपास पडले, पण फ्री थ्रो 84-85 टक्के. तेव्हा त्याची नेमबाजी सुधारेल असा अंदाज बांधायला आधार आहे. डेमिनचे फ्री थ्रो 70 च्या आसपास होते. तिथे आकड्याने धीर मिळत नाही, त्यामुळे शॉटची घडण बघावी लागते. कोपर सरळ आहे का, चेंडू दर वेळी एकाच उंचीवरून सुटतो का, पाय थकल्यावर शॉट आखूड पडतो का, चुकलेले शॉट पुढे-मागे पडतात की डावी-उजवीकडे. पुढे-मागे पडणारे शॉट बरेचदा ताकदीने आणि सरावाने जमतात. डावी-उजवीकडे जाणाऱ्यांत हाताची मूळ रचना बदलावी लागते आणि त्याला वर्षं लागतात. डेमिनचा शॉट बघायला नीटस आहे, चेंडू उंचावरून सुटतो. ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला त्यांनी याच जोरावर ठेवला असावा असं मला वाटतं.

शरीराचा मुद्दा कठोर आहे. पासला नजर पुरते, पण बचावपटूला मागे टाकायला पहिलं पाऊल लागतं. बलवान बचावपटूंसमोर डेमिनला बास्केटपर्यंत पोचायला जड जात होतं आणि ही त्याच्याबद्दलची सर्वात रास्त शंका होती. युरोपातल्या ज्युनियर स्पर्धांत हे लपतं. रिआल माद्रिदचा ज्युनियर संघ बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस असतो आणि त्या वयात उंच गार्ड लांब पावलांवरच आत पोचतो. म्हणून माझ्या लेखी ज्युनियर स्पर्धेतल्या पंचवीस गुणांपेक्षा प्रौढ पुरुषांच्या लीगमधली दहा मिनिटं जास्त मोलाची. त्या दहा मिनिटांत तो दोनच शॉट घेतो, पण खांद्याला खांदा लागल्यावर त्याचा ड्रिबल कुठे जातो ते कळतं.

उलट बाजूचं उदाहरणही लक्षात ठेवा. शे गिल्जस-अलेक्झांडर कॅनडातल्या हॅमिल्टनचा. 2017-18 मध्ये केंटकी विद्यापीठात सुरुवातीचे सामने राखीव म्हणून खेळला, हंगामाअखेर संघाचा सूत्रधार झाला. ड्राफ्टमध्ये अकरावा, आणि 2024-25 मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू. कॉलेजातही तो विजेसारखा वेगवान नव्हता. त्याच्याकडे थांबण्याची कला होती: वेग कमी करून बचावपटूला अंगाशी आणायचं, मग पुन्हा निघायचं. हातही सात फुटांच्या आसपास पसरणारे. वेग मोजणं सोपं आणि वेगातला बदल मोजणं अवघड, म्हणून कितीतरी अहवालांत दुसऱ्या गोष्टीला जागाच नसते. मी ती वेगळ्या ओळीत लिहितो.

बचाव पडद्यावर पूर्ण दिसत नाही. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे चेंडूपासून दूर उभा असलेला गार्ड काय करतो, सहकाऱ्यांशी बोलतो का, हे सुटतं. त्यासाठी प्रत्यक्ष जावं. मुलगा चूक झाल्यावर परत धावतो की रेफरीकडे हात पसरतो, बदली होऊन बाकावर आल्यावर प्रशिक्षकाशी नजर मिळवतो की टॉवेलखाली तोंड लपवतो, हे मी लिहून ठेवतो. अनोळखी देशात, घरापासून दूर, पहिल्या हंगामात एक वाईट महिना येतोच, आणि त्या महिन्यात हेच वागणं कामाला येतं.

प्रशिक्षक आणि भूमिका बघितल्याशिवाय कॉलेज निवडलं गेलं, तर चांगला गार्डही हरवतो. बीवाययूने 2024 मध्ये केव्हिन यंग यांना आणलं. ते फिनिक्स सन्सच्या सहाय्यक प्रशिक्षकपदावरून आले होते आणि संघ एनबीएच्या धर्तीवर खेळवत होते. डेमिनसाठी हे ठीक जुळलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचला आणि तिथे अलाबामाकडून हरला. दुसऱ्या एखाद्या कॉलेजात, जिथे सगळे चेंडू आतल्या सेंटरकडे जातात, तिथे याच मुलाला कोपऱ्यात उभा करून थ्री मारायला लावलं असतं. मग 27 टक्क्यांपलीकडे त्याच्याबद्दल कुणाला काही कळलंच नसतं.

पैसा आणि पात्रता यांबद्दल थोडक्यात. जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येते, आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेजं थेट उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. युरोपातून मुलांचा ओघ वाढला तो यामुळे. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला अमेरिकेत काम करण्यावर बंधनं असतात, तेव्हा कराराआधी व्हिसाच्या वकिलाला विचारावं. क्लबकडून आधी काय मिळालं याचेही कागद जपून ठेवावेत. तुर्कस्तानच्या एनेस कांतेरला 2010-11 मध्ये केंटकीकडून एकही सामना खेळता आला नाही, कारण फेनेरबाह्चेकडून त्याला आवश्यक खर्चापलीकडे रक्कम मिळाली होती असं कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिने ठरवलं. आज वातावरण बरंच सैल आहे, पण कागद लागतात ते लागतातच.

तर डेमिन आठवा का गेला? सहा फूट आठ-नऊ इंचांचा, एकोणीस वर्षांचा, तिसऱ्या बचावपटूला वाचणारा पासर दर वर्षी मिळत नाही. पहिलं पाऊल मंद आणि शॉट अनिश्चित हे नेट्सनाही दिसत होतं. पण त्या रात्री त्यांच्याकडे पहिल्या फेरीतल्या पाच निवडी होत्या, आणि पाच निवडी असणारा संघ अपूर्ण खेळाडूची वाट बघू शकतो. माझ्या मते निवड योग्य होती, पण तो चेंडू हातात ठेवून एकट्याने संघ चालवेल या अपेक्षेने नाही. दुसऱ्या एखाद्या वेगवान गार्डशेजारी उभा राहून, बचाव आधीच हललेला असताना चेंडू मिळाला, तर त्याची नजर सर्वात जास्त कामी येईल.

सराव करायचा असेल तर त्याच पाच निवडींत चांगली सामग्री आहे. डेमिनखेरीज नेट्सनी फ्रान्सच्या सेंट-क्वेंटिनकडून खेळणारा नोलान त्राओरे आणि जर्मनीच्या उल्मकडून खेळणारा इस्रायलचा बेन साराफ असे आणखी दोन परदेशी गार्ड घेतले. हे दोघं कॉलेजात गेलेच नाहीत, पुरुषांच्या लीगमध्ये खेळले. तिघांचा प्रत्येकी एक पूर्ण सामना घ्या, तुकडे तुकडे जोडलेल्या क्लिप नको. प्रत्येक पिक अँड रोलला तीन रकाने भरा: स्क्रीन कशी लागली, तिसऱ्या बचावपटूचं पाऊल पडलं का, आणि चेंडू त्या पावलाआधी सुटला की नंतर. शॉट पडला की नाही याचा रकाना ठेवू नका.